न्युम्बा इनाउझ्वा: स्वाहिली पेपरातल्या जाहिरातींची भाषा

चिंचगूळ

नमस्कार मंडळी,

दारला येऊन मला आता तिसरं वर्ष लागलंय (दार म्हणजे टांझानियातलं दार-ए-सलाम, इथे सगळे नुसतं दारच म्हणतात). येताना स्वाहिली शिकायचं एक पुस्तक आणलं होतं, त्यात 'शिक्षक वर्गात आहेत', 'झाड उंच आहे' अशी वाक्यं, तीन महिने घोकली आणि त्यातलं एकही कारियाकूच्या बाजारात कामाला आलं नाही. मला खरी भाषा शिकवली ती आमच्या बिल्डिंगच्या अस्कारींनी, म्हणजे वॉचमनकाकांनी. ते रोज सकाळी 'म्वानांची' घेतात, दुपारपर्यंत वाचून झाला की तो पेपर मला देतात. पहिल्या पानावरचं राजकारण मला झेपायचं नाही, पण आतल्या छोट्या जाहिराती झेपायला लागल्या आणि तिथे मी अशी काही रमले की शेवटी आज हा धागा काढतेय.

सगळ्यात आधी डोळ्यात भरलं ते हे. घर विकायचं असेल तर 'न्युम्बा इनाउझ्वा'. प्लॉट असेल तर 'किवांजा किनाउझ्वा'. शेत असेल तर 'शांबा लिनाउझ्वा'. बरेच प्लॉट असतील तर 'विवांजा विनाउझ्वा'. मधलं 'नाउझ्वा' तेच, विकलं जातंय एवढाच अर्थ, पण पुढचं अक्षर नाम बघून बदलतं. आपल्याकडे घर विकायचं, घोडा विकायचा, जमीन विकायची असं क्रियापदाचं शेपूट बदलतं ना, तसं यांचं डोकं बदलतं. आपली लिंगं तीन, यांचे नामांचे गट डझनाहून जास्त. पुस्तकातलं ते तक्त्यांचं पान मी तीनदा घाबरून सोडून दिलं होतं, आणि इथे जाहिरातींच्या एका कॉलममधे तो सगळा तक्ता उभा होता, किंमती आणि फोन नंबरांसकट.

किंमतीपुढे बहुतेक वेळा दोन शब्द असतात, 'माओंगेझी यापो'. शब्दशः 'बोलणं आहे'. म्हणजे भावाची घासाघीस होईल, या, बसू, बोलू. मला हे दोन शब्द फार आवडतात. नुसतं 'किंमत कमीजास्त होईल' यात माणूस दिसत नाही, 'बोलणं आहे' म्हटलं की समोर खुर्ची टाकल्यासारखं वाटतं.

आणि मग एक दिवस तळाला हे सापडलं: 'दलाली हाहिताजिकी'. दलालाची गरज नाही! यांच्याकडे दलाली म्हणजे काम नाही, माणूस. अनेकवचन मादलाली. पुण्यात आमचा फ्लॅट भाड्याने द्यायचा होता तेव्हा बाबांनी पेपरात दिलेली जाहिरात आठवली, शेवटचे दोन शब्द 'दलाल क्षमस्व'. समुद्र ओलांडून तेच, फक्त आपण माफी मागतो आणि हे सरळ नको म्हणतात.

एक जाहिरात तर पेपरात नसते, भिंतीवर असते. शहरात फिरताना घरांच्या कंपाउंडवर मोठ्या अक्षरात रंगवलेलं दिसतं, 'न्युम्बा ही हाइउझ्वी, ओगोपा मातापेली'. हे घर विकायचं नाही, भामट्यांपासून सावध. (आणि हो, 'ही' म्हणजे 'ही'च, योगायोग आहे पण पहिल्यांदा कळलं तेव्हा मी रस्त्यात थांबले.) परस्पर दुसऱ्याचं घर दाखवून पैसे घेऊन पळणारे लोक आहेत, भावकीतलंच कोणीतरी गुपचूप विकायला काढतं, म्हणून मालक बिचारे न विकण्याची जाहिरात करतात. पेपरातलं 'इनाउझ्वा' आणि भिंतीवरचं 'हाइउझ्वी' शेजारी ठेवलं की नकार कसा करायचा तो धडा पण झाला.

माझं म्हणणं एवढंच आहे की या छोट्या जाहिरातींतली स्वाहिली जिवंत आहे, कारण ती लिहिणाऱ्याला खरंच काहीतरी विकायचंय आणि शब्दागणिक पैसे मोजायचेत. बँकांच्या आणि मोबाईल कंपन्यांच्या पानभर रंगीत जाहिरातींबद्दल मला तसं वाटत नाही, त्या बऱ्याचदा इंग्रजीतून उचलून आणल्यासारख्या वाटतात. इथे आफ्रिकेत राहिलेले, भाषांतराचं काम करणारे बरेच जण आहेत, तुमचं काय मत?

---

उंबरठा

वाचतेय. भिंतीवरच्या जाहिरातीचा फोटो असेल तर टाका ना.

---

नैरोबीकर

मस्त धागा चिंचगूळताई. पण शेवटच्या मुद्द्याला माझा विरोध आहे, निदान केनियापुरता.

एक म्हणजे आमच्याकडे परिस्थितीच वेगळी. इथे रोज निघणारा मोठा स्वाहिली पेपर म्हणजे 'ताइफा लेओ', आणि तो उघडला तर बातमी स्वाहिलीत, शेजारची जाहिरात इंग्रजीत, असं बऱ्याचदा दिसतं. वाचणारा स्वाहिली वाचतोय हे माहीत असून टेंडर इंग्रजीत, नोकरीची जागा इंग्रजीत. तुमच्याकडे टांझानियात निदान 'झाबुनी' आणि 'नाफासी झा काझी' असं तरी छापतात. त्यामुळे इथे छोट्या जाहिरातींवर भाषा शिकायची म्हटली तर उपाशी राहाल.

पण मोठ्या कंपन्यांच्या जाहिराती सगळ्या भाषांतरित असतात हे मात्र मला पटत नाही. केनियातली मोबाईल कंपनी सफारिकॉमचंच बघा. २०१० च्या सुमाराला 'निको ना सफारिकॉम' असं सगळीकडे झळकत होतं. आता 'माझ्याकडे आहे' हे टांझानियात 'निना' म्हणतात, 'निको ना' म्हटलं की लगेच कळतं हा केनियाचा. व्याकरणवाले नाक मुरडतात. पण 'निको ना' मधे दोन अर्थ बसतात, 'माझ्याकडे सफारिकॉम आहे' आणि 'मी सफारिकॉमसोबत आहे'. हे कुठल्या इंग्रजी वाक्यातून येणार? रस्त्यावरचं बोलणं उचललंय ते.

आणि नावं बघा. बॅलन्स संपला आणि उधार टॉकटाइम पाहिजे असेल तर त्या सोयीचं नाव 'ओकोआ जाहाझी'. ओकोआ म्हणजे वाचव, जाहाझी म्हणजे शिडाचं जहाज, आपलं जहाजच. गलबत बुडतंय, वाचव! २०१२ मधे मोबाईलवर बचत आणि कर्ज सुरू केलं त्याचं नाव 'एम-श्वारी', श्वारी म्हणजे वारा पडल्यावरचा शांत समुद्र. २०१९ ला ओव्हरड्राफ्ट आणला त्याचं 'फुलिझा', न थांबता चालू ठेव. नैरोबी समुद्रापासून जवळपास ५०० किलोमीटर आत, साडेपाच हजार फुटांहून उंच, इथल्या कित्येकांनी समुद्र पाहिलेला नाही, पण पैशाची अडचण सांगायला शब्द किनाऱ्यावरचे. आणि सगळ्या पसाऱ्याचं मूळ नाव एम-पेसा, मोबाईलवरून पैसे पाठवायची सोय, २००७ ची, त्यातला पेसा म्हणजे आपला पैसा हे तर सगळ्यांना माहीतच आहे.

---

शब्दहमाल

मी पुण्यात जाहिरातींच्या भाषांतराचं काम करतो, चौदा वर्षं झाली. हा धागा वाचून मला राहवत नाहीये.

आमच्याकडे जाहिरात येते ती हिंदीतून किंवा इंग्रजीतून, डिझाइन आधीच पक्कं झालेलं असतं आणि मराठीला उरलेल्या जागेत बसवायचं असतं. 'पाएं' चं 'मिळवा', 'घर लाएं' चं 'घरी आणा', 'अपने परिवार को दें' चं 'आपल्या परिवाराला द्या'. मराठी माणूस बायकोला सांगताना 'परिवार' म्हणतो का हो? मी 'घरच्यांना' लिहून पाठवतो, परत 'परिवार' होऊन येतं. हे चौदा वर्षं चाललंय आणि मला त्याचा खरंच त्रास होतो. त्यामुळे चिंचगूळताईंना ज्या रंगीत पानांचा कंटाळा येतो तो मला समजतो, आणि नैरोबीकर म्हणतात तशी एखादी 'निको ना' निघते तेव्हा ती लिहिणाऱ्याचा हेवा वाटतो.

एक शंका विचारतो. आमचं निम्मं डोकं तू-तुम्ही-आपण यात जातं. शांपू असेल तर 'तू', विमा असेल तर 'आपण', मोबाईल असेल तर क्लायंट दोन आठवडे ठरवत बसतो. स्वाहिलीत हे कसं करतात?

---

चिंचगूळ

@शब्दहमाल, दादा, ही अडचण यांना नाहीच! एका माणसाला 'वेवे', मग तो मंत्री असो की भाजीवाला. आदर दाखवायला म्झे (वडीलधारे), मामा (म्हणजे आई), बाबा, शिकामू (मोठ्यांना नमस्कार) असे शब्द आहेत पण क्रियापद तेच राहतं. जाहिरातीत खरी निवड असते ती एकाशी बोलायचं की सगळ्यांशी. बँक म्हणते 'कारिबू', या, पण एकट्याला. चर्चची सभा, गावचं प्रदर्शन, नवीन दुकानाचं उद्घाटन असलं की 'कारिबूनी', सगळे या, आणि खाली 'न्योते म्नाकारिबिश्वा', तुम्हा सर्वांचं स्वागत आहे. त्या एका 'नी' वरून कळतं जाहिरात खिशाकडे बघतेय की गर्दीकडे.

अजून एक, जे मला मराठीत आणता येत नाही, तुम्ही प्रयत्न करा. 'शिंदा' म्हणजे जिंक. पण बक्षिसाच्या जाहिरातीत नुसतं 'शिंदा' कमी, 'जिशिंदिये' जास्त. सुरुवातीला 'जि' म्हणजे स्वतः, आणि शेवटी 'साठी'. स्वतःसाठी जिंकून घे. तसंच 'जिपातिये', आपल्यासाठी मिळवून घे. 'जिउंगे', स्वतःला जोडून घे, म्हणजे पॅक चालू कर. पॅकला म्हणतात किफुरुशी, म्हणजे छोटं गाठोडं! इंटरनेटचं गाठोडं. अनेक असतील तर विफुरुशी. नैरोबीकर, इथे मी तुमच्यापुढे हरले, हे मोबाईलवाल्यांचेच शब्द आहेत आणि सुंदर आहेत.

---

शब्दहमाल

'जिंकून घे' म्हटलं तर 'घे' मधे ते स्वतःसाठी येतं थोडंसं. करून घे, मिळवून घे, शिकून घे. मराठीत आहे की हे! आणि आम्ही लिहितो 'जिंका' आणि 'मिळवा'. उद्याच एका ठिकाणी वापरून बघतो.

---

मांडवीकाठ

मी पणजीची. माझे आजोबा झांझिबारला सरकारी कचेरीत कारकून होते, तिथे तेव्हा गोवेकर बरेच, कोणी कारकून, कोणी शिंपी, कोणी स्वयंपाकी. ते १९६४ च्या क्रांतीनंतर परत आले. घरात कोकणी, वाचायला मराठी, आणि राग आला की स्वाहिली, असं त्यांचं होतं.

त्यांच्या तोंडी एक शब्द कायम असायचा, चापा. काडेपेटी कुठली तर 'चापा सिंबा', सिंह छाप. आई म्हणायची बाबा मराठी चुकीचं बोलतात, छाप म्हणा. ते म्हणायचे नाही, हे बरोबर आहे, तिकडे चापाच. मोठी झाल्यावर कळलं की स्वाहिलीत मार्क्याला खरंच चापा म्हणतात, छापण्यालाही चापा, आणि तो शब्द आपल्याकडच्या छापावरूनच तिकडे गेलाय. बोटीतून खोकी गेली, खोक्यावर छाप होता, छापाबरोबर शब्द उतरला. असंच हुंडीचं. तिकडे चेकला हुंदी म्हणतात. विम्याला बिमा. सर्टिफिकेटला चेती, आपली चिठ्ठी. दुकानाला दुका. गाडीला गारी. आणि लाखाला लाकी, हे आजोबा हिशेब करताना म्हणायचे, 'लाकी म्बिली', दोन लाख.

चिंचगूळ, अजून पेपरात लाकी असतं का गं?

---

चिंचगूळ

असतं तर! भाड्याच्या खोल्यांच्या जाहिरातीत रोज असतं. 'चुंबा किनापांगिश्वा', खोली भाड्याने आहे, महिना लाकी मोजा, एक लाख. शिलिंग असल्यामुळे लाखाशिवाय काही मिळतच नाही. लाखाच्या पुढे मात्र कोटी नाही, तिथून एकदम मिलियोनी.

आणि मांडवीकाठ, तुझ्या आजोबांची गोष्ट वाचून मी अस्कारींना चापा विचारलं. ते हसले आणि पेपर उलटा करून शेवटच्या पानाचा तळ दाखवला, कुठे छापला ते लिहिलेलं असतं तिथे, त्यातही तोच शब्द. आजोबांचा काडेपेटीवरचा शब्द मी रोज पेपरात बघत होते आणि ओळखला नव्हता.

माझ्याकडून एक शब्द तुम्हा सगळ्यांना. स्वस्त भाव म्हणजे 'बेई नाफू'. अर्ध्या जाहिराती याच दोन शब्दांवर चालतात. हा नाफू आणि आपला नफा, अरबीतलं मूळ एकच. पण आपल्याकडे नफा होतो विकणाऱ्याला. इथे नाफू म्हणजे दिलासा, आराम, आणि तो मिळतो घेणाऱ्याला. आजारी माणसाला बरं वाटायला लागलं तरी 'नाफू मिळतोय' म्हणतात. माझ्या मोलकरणीच्या, मामा ज., मुलाला मलेरिया झाला होता, तिसऱ्या दिवशी तिने फोनवर सांगितलं 'आमेपाता नाफू', तेव्हा मला तो शब्द कळला, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात सोफासेटच्या जाहिरातीत तोच. खिशाला बरं वाटेल असा भाव. केवढं छान आहे हे.

---

हिशेबनीस

मी टांझानियातल्या आरुषा शहरात चार वर्षं होतो. जाहिरात वाचता येणं वेगळं आणि कळणं वेगळं, याचा माझा अनुभव सांगतो. फर्निचरच्या एका मोठ्या दुकानाचा सेल होता, जाहिरातीत शेवटचा दिवस, वेळ 'सा ३ असुबुही हादी सा ११ जिओनी'. सकाळी तीनला कोण दुकान उघडतं असं मनात आलं, पण छपाईची चूक असेल म्हणून सोडून दिलं, रात्री ११ पर्यंत आहे ना मग ऑफिस सुटल्यावर जाऊ, बायकोला घेऊन सात वाजता पोचलो तर शटर बंद, शेजारचा पानवाला म्हणाला दोन तास झाले. स्वाहिली घड्याळ सूर्य उगवल्यापासून मोजतात. उगवल्यावर एक तास झाला की एक वाजला, म्हणजे आपले सात. सा ३ म्हणजे सकाळचे नऊ, सा ११ संध्याकाळी म्हणजे पाच. विषुववृत्ताजवळ दिवस-रात्र वर्षभर जवळपास सारखी, त्यामुळे हे घड्याळ तिथे चोख चालतं. चूक माझी होती, जाहिरात बरोबर होती. पलंग मात्र पूर्ण भावाने घ्यावा लागला.

त्यानंतर मी कुठलीही जाहिरात तळापर्यंत वाचायला लागलो. तळाला बारीक अक्षरात असतं 'विगेझो ना माशार्ती कुझिंगातिवा'. अटी व शर्ती लागू. माशार्ती मधला शार्ती म्हणजे आपली शर्त. टांझानियात हे वाक्य इतकं पाठ झालंय की मित्र जेवायला बोलावतो म्हणाला तरी दुसरा म्हणतो 'विगेझो ना माशार्ती...'.

---

बाओबाब

सगळ्यांचे प्रतिसाद आवडले, पण एक गोष्ट खटकतेय ती स्पष्ट बोलतो. आपण प्रत्येक शब्दात 'हा आपला, तोही आपला' शोधतोय. स्वाहिली ही बांटू, म्हणजे आफ्रिकेतल्याच एका भाषाकुळातली भाषा आहे. जाहिरातीचा सगळ्यात महत्त्वाचा शब्द, उझा, विकणे, त्यांचा. नुनुआ, विकत घेणे, त्यांचा. न्युम्बा त्यांचं. जाहिरातीला तांगाझो म्हणतात, ते तांगाझा म्हणजे जाहीर करणे यावरून, तेही त्यांचं. छाप, लाख, हुंडी, दलाल हे व्यापाराबरोबर आले, काही आपल्याकडून, बरेच अरबांकडून, आणि शर्त, दलाल, नफा हे आपल्याकडेही अरबी-फारसीतूनच आलेत, आपण मालक नाही त्यांचे. त्या शब्दांना कामाला लावलं ते स्वाहिली व्याकरणाने. दलाल चं मादलाली करणं, शर्त चं माशार्ती करणं, ही ताकद त्यांची.

दुसरं, पेपरातली ही स्वाहिली घडायला शंभर वर्षं लागलीत. १९२३ ला ब्रिटिश सरकारने दारमधून 'माम्बो लेओ' मासिक काढलं, त्यातून प्रमाण लिखाण दूरदूर गेलं. १९६७ ला टांझानियाने बाकिता नावाची राष्ट्रीय स्वाहिली परिषद कायद्याने स्थापन केली. टीव्हीला रुनिंगा, वेबसाइटला तोवुती, ईमेलला बारुआ पेपे हे शब्द तुम्हाला जाहिरातींत दिसतात, ते असे रुजलेत. आपण संकेतस्थळ आणि विपत्र केलं, पहिलं थोडंफार चाललं, दुसरं नाही. तिथे दुकानदार आपल्या बोर्डावर 'बारुआ पेपे' लिहितो. हे मला जास्त मोलाचं वाटतं.

---

नैरोबीकर

@बाओबाब मान्य. फक्त एक, नैरोबीत दुकानदार सरळ 'ईमेल' लिहितो. आणि तरुणांसाठीची जाहिरात असली की शेंग येते, इथली पोरांची मिश्र बोली, त्यात बाकिताचं काही चालत नाही.

---

चिंचगूळ

@बाओबाब, बरोबर आहे तुमचं. मला ओळखीचा शब्द दिसला की माहेरचं माणूस भेटल्यासारखं होतं, म्हणून वाहवत गेले. पण 'इनाउझ्वा' ला जे प्रेम आहे ते पहिल्यापासून आहे.

आता शेवटचं सांगते. आमची बदली झालीय, पुढच्या महिन्यात परत जायचंय, म्हणून गाडी विकायला काढली. ठरवलं की जाहिरात मीच लिहिणार. 'गारी इनाउझ्वा' असं लिहून अस्कारींना दाखवलं. त्यांनी खिशातून पेन काढून 'इ' खोडला आणि 'लि' केला. गारी लिनाउझ्वा. मी म्हटलं अहो बाबा, तुम्ही स्वतः रोज 'गारी इमेफिका' म्हणता, गाडी आली, तिथे 'इ' च असतो. ते म्हणाले बोलण्याचं वेगळं, हे पेपरात जाणार आहे, लोक वाचणार आहेत. मग त्यांनीच पुढचं सांगितलं आणि मी लिहिलं, किंमत, माओंगेझी यापो, दलाली हाहिताजिकी, फोन नंबर.

परवा छापून आली. सकाळी साडेसातला, म्हणजे सा मोजा ना नुसू, पहिला फोन आला. बाई होत्या, मागे कोंबडा ओरडत होता. त्यांनी विचारलं, "गारी बादो इपो?" गाडी अजून आहे का, आणि 'इ' लावून. मीही म्हटलं, "इपो."